जुनी जिप्सी मराठवाड्यात सांभाळताना

छोटी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी गाडी) उलटते, हा बोलबाला अमेरिकेतून आला. १९८८ मध्ये तिथल्या एका ग्राहक मासिकाने सुझुकी सामुराई या छोट्या जीपला उलटण्याच्या धोक्यावरून ‘अस्वीकार्य’ ठरवलं. सुझुकीने मासिकावर दावा लावला, २००४ मध्ये समेट झाला. आपली मारुती जिप्सी त्याच घराण्यातली. अरुंद, उंच, पाटा स्प्रिंगांची, एअरबॅग नसलेली. त्यामुळे धोका खराच आहे, पण तो बराचसा मालकाच्या हातात असतो.

टपावरचं कॅरिअर आधी काढा. वरचं वजन वळणावर गाडीला कलंडवतं. सामान खाली, मागच्या सीटच्या पाठीशी घट्ट बांधा. उंची वाढवण्याचे किट आणि मोठे टायर टाळाच. सीटबेल्ट मागच्यांनाही हवा. डांबरी रस्त्यावर कुत्रं आडवं आलं तर स्टिअरिंग झटकू नका, सरळ रेषेत ब्रेक दाबा.

काळ्या मातीत पाऊस झाला की चिखल टायरच्या खाचांत भरतो आणि चाक गुळगुळीत होतं. शेतात उतरण्यापूर्वीच थांबून पुढच्या दोन्ही चाकांचे हब (चाकाच्या मध्यावरची जोडणी) लॉक करा, ४एच म्हणजे चारही चाकांचा वेगवान गिअर लावा. जड चिखलात ४एल, म्हणजे चारही चाकांचा संथ पण जास्त जोराचा गिअर. हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा, डांबरावर येताच कंपनीच्या आकड्याइतकी भरा. कोरड्या डांबरावर मात्र २एचच (फक्त मागच्या दोन चाकांना ताकद), नाहीतर वळताना गिअरपेटीवर ताण येतो. बांध आडवा-तिरका कधीच चढू नका, सरळ चढा.

स्टिअरिंग थरथरत असेल तर किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीचे) बेअरिंग तपासा. पाटा स्प्रिंगा ॲक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट दर पावसाळ्यानंतर आवळून घ्या.