काळ्या मातीत जुन्या घराला खोली जोडताना

मराठवाडा-विदर्भात जुन्या घराला खोली जोडली की दोन-तीन पावसाळ्यांत जोडावर उभी भेग दिसते आणि बोल गवंड्याला लागतो. खरं कारण बहुधा खाली असतं. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. जुना भाग वर्षानुवर्षांच्या भाराने बसलेला, नवा आता कुठे बसायला लागलेला. दोन्ही भाग वेगवेगळे हलणार, हे धरूनच काम आखावं.

खोदाईआधी जुन्या भेगांवर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारीख लिहा. काच तडकली तर भेग अजून चालू आहे. मग गळकी नळाची लाइन, शोषखड्डा, पायाशी पडणारं छपराचं पाणी हे आधी तपासा, खोली नंतर.

दोन चाचणी खड्डे घ्या. एक जुन्या भिंतीलगत, म्हणजे जुना पाया किती खोल आहे ते कळेल. दुसरा नव्या खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात, मुरूम कुठे लागतो ते पाहायला. मातीचा नमुना प्रयोगशाळेत ‘फ्री स्वेल’ चाचणीला द्या. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली १०-१० ग्रॅम कोरडी माती एका नळीत पाण्यात आणि दुसरीत रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे १० मिली आणि पाण्यात १८ मिली भरली, तर फुगवटा ८० टक्के. आकडा ५० च्या वर गेला तर त्या मातीवर फुटिंग (कॉलमखालचा रुंद पाया) टेकवू नका.

कडक मुरूम ६-७ फुटांत लागला तर फुटिंग त्यातच बसवा. त्याहून खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून त्यात ओतलेले काँक्रीटचे खांब बरे: साधारण ३.५ मीटर लांब, खाली दांड्याच्या अडीचपट व्यासाचा फुगा. माती वर ढकलते तेव्हा हा फुगा पाइलला धरून ठेवतो. लोखंड आणि संख्या अभियंत्याकडूनच ठरवून घ्या.

धोका खरा आहे तो जुन्या पायाशेजारी खोल जाण्यात. नवा पाया जुन्याहून एक फूट खोल न्यायचा तर निदान दोन फूट दूर हवा. त्यामुळे कॉलम आत ओढून प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीची आडवी तुळई) जुन्या भिंतीकडे कॅन्टिलिव्हर, म्हणजे टोकाला आधार न देता पुढे काढणं सोयीचं पडतं. जागाच नसेल तर सलग चर मारू नका. मीटरभराचा तुकडा खणा, लगतचे दोन सोडा, काँक्रीट भरून ते पक्कं झाल्यावर पुढचा घ्या. तळ उघडा पडला की त्याच दिवशी १:४:८ चा (सिमेंट, वाळू, खडी) १०० मिमी पीसीसी, म्हणजे बिनसळ्यांच्या काँक्रीटचा थर टाका. एका वळवाच्या सरीत तळाचा चिखल होतो.

प्लिंथ बीम थेट जमिनीवर ओतायची आपल्याकडची सवय काळ्या मातीत महाग पडते, कारण पावसाळ्यात माती बीमला खालून उचलते. खाली सुमारे ८० मिमी पोकळी हवी आणि बाजूने माती आत घसरू नये म्हणून विटेची आड.

जुन्या कॉलमला भोक पाडून सळ्या अडकवणं टाळा. नव्या भागाला स्वतःचे कॉलम, स्वतःची भिंत आणि प्लिंथपासून स्लॅबपर्यंत २५ मिमी गॅप द्या. गॅपमध्ये थर्माकोल, तोंडाशी पॉलिसल्फाइड सीलंट (रबरासारखं लवचिक भरण), गच्चीवर पाणी आत जाऊ नये म्हणून एका बाजूनेच ठोकलेला पत्रा. गिलावा आणि फरशीही तिथे तोडा, नाहीतर भेग आपली वाट स्वतः काढते.

खोदाईची काळी माती भरावाला वापरायचा मोह होईल. ती बाहेरच काढा. मुरूम १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत, बेताचं पाणी मारून प्रत्येक थर कॉम्पॅक्टरने दाबा. नुसतं पाणी सोडून ‘बसवलेला’ मुरूम पुढे बसतोच, फरशीसकट. वाळूही नको: तिच्यात झिरपलेलं पाणी साचतं आणि खालच्या मातीला महिनोन्‌महिने पाजत राहतं.

घराभोवती १.२ ते १.५ मीटर रुंद, बाहेर उताराचा कोबा करा आणि छपराचा पाइप त्याच्या पलीकडे सोडा. बाथरूमची लाइन गॅपमधून जात असेल तर सिमेंटने आवळू नका. मोठ्या पाइपच्या तुकड्यातून ओवा आणि दोन्ही बाजूंना लवचिक जोड द्या.