अमेरिकेत रूरल हेल्थ क्लिनिक काढताय? आधी जागा बघा
क्लिनिकच्या जागेचं भाडं ठरवायच्या आधी एवढं करा. रूरल हेल्थ क्लिनिक (ग्रामीण दवाखाना) हे १९७७ च्या कायद्यातलं सरकारी सर्टिफिकेशन आहे, ते हवं असेल तर जागेला दोन अटी आहेत, आणि दोन्ही लागतात. एक, सेन्सस ब्युरोच्या (जनगणना करणाऱ्या सरकारी खात्याच्या) हिशोबाने ती मोठ्या शहरी भागात नको, म्हणजे ५०,००० किंवा जास्त वस्तीचा पट्टा बाद. दुसरी जास्त डोकं खाते, तो भाग डॉक्टरांची टंचाई असलेला किंवा मेडिकली अंडरसर्व्ह्ड (आरोग्यसेवा अपुरी पडणारा) म्हणून जाहीर झालेला हवा, गव्हर्नरने जाहीर केलेला असला तरी चालतो, पण तो शिक्का गेल्या ४ वर्षांत लागलेला किंवा अपडेट झालेला पाहिजे. एचआरएसए (HRSA) या सरकारी आरोग्य संस्थेच्या साइटवर पत्ता टाकला की कळतं. तिथली तारीख मात्र नीट वाचा, लोक नेमकी तीच बघत नाहीत.