नासलेली जमीन सुधारताना या चुका टाळा

घाण पाणी यायचं थांबलेलं नसेल तर मातीला हातही लावू नका. दर पावसाळ्याच्या तोंडाशी बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातली आपली मुलं फोन करतात, "काका, पादऱ्याकडे एका शेतात झाडं लावतोय, येता का?" मी विचारतो, त्या शेताला पाणी कुठलं? बहुतेकांना ते ठाऊक नसतं. नंदेसरीकडच्या कारखान्यांचं सांडपाणी खंभातच्या आखाताकडे नेणारा सुमारे ५५ किलोमीटरचा कालवा १९८३ पासून आहे. काठच्या गावांत पाण्याची ओढ, म्हणून शेतकऱ्यांनी त्यातूनच पंप लावून पिकं काढली. त्यांना दोष देऊ नका, जवळ दुसरं पाणी नव्हतं. पण तेच पाणी चालू ठेवून वर शेणखत घालणं म्हणजे गळक्या नळाखाली फरशी पुसणं. मी आधी बोअरचं पाणी तपासून घेतो, चांगल्या पाण्याची सोय लावतो, आणि मगच फावडं उचलतो.

आता मोहरीबद्दल, कारण हा प्रकार मला फार छळतो. मोहरी मातीतले जड धातू शोषते, हे खरं आहे. तेवढंच वाचून एका गटानं पादरा तालुक्यात दोन विघ्यांत मोहरी पेरली. पीक जोमदार आलं, पिवळ्या फुलांत सगळ्यांचे फोटो निघाले. कापणी झाल्यावर पेंढ्या जायच्या कुठे, हे मात्र कुणी ठरवलंच नव्हतं. त्या बांधावर रचून मंडळी शहरात परतली. मी गेलो तेव्हा शेजारच्या म्हशी त्यावर तोंड मारत होत्या आणि शेतकऱ्याच्या घरातली सून वाळलेली धाटं चुलीसाठी वेचत होती. मी तिला म्हटलं, "बेन, हे जाळू नका." धातू जळून नाहीसे होत नाहीत, ते बरेचसे राखेत उरतात, आणि ती राख भांड्यांना आणि वांग्याच्या वाफ्यांना जाते. उरलेल्या पेंढ्या शेवटी नांगरून त्याच जमिनीत गाडल्या. म्हशींच्या दुधाचं काय झालं, हे आजवर कुणी तपासलेलं नाही.

म्हणून माझा नियम असा: कापलेला माल घातक कचऱ्याच्या अधिकृत जागी जाईल, हे कागदावर दिसल्याशिवाय मी बी टाकू देत नाही. शिवाय आपल्या अल्कधर्मी काळ्या मातीत शिसं आणि कॅडमियम मुळांना सहजी मिळत नाही, त्यामुळे एका हंगामात जमीन साफ होते म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

सॉईल हेल्थ कार्ड पाहून निर्धास्त होऊ नका. त्यात सामू (pH), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं मिळून १२ घटक असतात. क्रोमियम, शिसं, कॅडमियम नसतात. ती तपासणी वेगळी मागावी लागते. नमुना लाकडी खुरप्यानं घ्या, पत्र्याच्या बादलीत ठेवू नका.

जमीन पांढरी दिसली की जिप्समची पोती उतरवतात. सामू ८.५ च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना धरून बसलेला) १५ टक्क्यांच्या वर असेल तरच जिप्सम. सुटलेला सोडियम वाहून न्यायला गोडं पाणी आणि निचऱ्याचे चर नसतील तर पैसे वाया.

वर चांगली माती पसरून खालची झाकू नका. गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, लावू नका, तो नंतर निघत नाही.

आणि शेतकऱ्याला "दोन-तीन वर्षं थांबा" असं सांगून घरी येणं मला पटत नाही. त्याच्या घरात दोन वेळचं काय शिजणार? खाण्यात न येणारं पीक सुचवा. एरंडी आपल्याकडे चांगली येते, बाजारही आहे. पेंड मात्र तपासल्याशिवाय भाजीच्या शेतात घालू देऊ नका. त्याच बरोबर पहिल्याच आठवड्यात कागद जमवा: पाण्याच्या नमुन्याची तारीख, मेलेल्या जनावराचा पंचनामा, विकत आणलेल्या चाऱ्याच्या पावत्या, सात-बाराचा उतारा. राष्ट्रीय हरित लवादाकडे भरपाई मागायची मुदत कारण पहिल्यांदा घडल्यापासून ५ वर्षं आहे, वर फार तर ६० दिवस मिळतात. गावातल्या बैठकीत मी ही तारीख आधी काढून घेतो, रोपांची यादी त्यानंतर.