लहान पिल्लाला घेऊन तलावावर जायचंय? मग हे आधी वाचून घ्या

सगळ्यात पहिलं म्हणजे, दिवसभराचा प्लॅन करूच नका. तलावावरची सहल म्हणलं की सकाळी निघायचं, दुपारी झाडाखाली जेवून जरा लवंडायचं, सूर्य बुडताना बघायचा आणि मग परत, असं सगळं डोळ्यासमोर येतं, पण तो प्लॅन मोठ्यांचा झाला. दीड-दोन वर्षांचं मूल पाण्याकाठी फार तर दोन-तीन तास मजेत असतं, मग ते दमतं, दमलं की चिडतं, आणि चिडलेलं मूल पाण्याजवळ सांभाळणं म्हणजे नाकी नऊ येतात. त्यामुळे आधी झोपेची वेळ धरायची आणि बाकीचं सगळं तिच्या अवतीभवती बसवायचं. मूल दुपारी एकला झोपत असेल तर सकाळी लवकर पोचा, साडेअकराला आवरायला घ्या, झोप गाडीत होऊन जाईल. उन्हाच्या हिशोबानंही हेच बरं पडतं, कारण १० ते ४ मधलं ऊन सगळ्यात त्रासदायक असतं.

तलाव निवडताना फोटो बघून भुलू नका, काठ कसा आहे ते बघा. उतार हळूहळू जाणारा हवा, तळाशी वाळू किंवा बारीक खडे असले तर उत्तम, आणि पोहायला म्हणून आखून दिलेली जागा असेल, तिथे लाइफगार्ड असेल तर डोळे झाकून तीच घ्या. तलावाची एक खोड असते, दोन पावलं घोट्याएवढं पाणी आणि तिसऱ्या पावलाला एकदम कंबरभर. त्यामुळे मुलाला सोडायच्या आधी तुम्ही स्वतः आत जाऊन पायांनी तळ चाचपून या, खड्डा कुठे आहे, काच-बीच आहे का, चिखल किती आहे. चिखलात मोठ्यांची चप्पल सुद्धा रुतून बसते, पिल्लाचं पाऊल रुतलं तर ते सरळ तोंडावर पडतं आणि त्याला हात टेकून उठता येत नाही. अजून एक, तलावाचं वरचं पाणी उन्हानं कोमट झालेलं असतं आणि जरा खाली गेलं की गार, म्हणून हात बुडवून "अरे मस्त आहे की पाणी" म्हणू नका, गुडघ्याशी कसं लागतंय ते बघा.

आता मुद्द्याचं. माझ्या मते सहलीत बाकी सगळं विसरलं तरी चालेल, फक्त हे नको: मूल पाण्यात किंवा पाण्याजवळ असताना एक मोठं माणूस त्याच्या हाताच्या अंतरावर पाहिजे. नजरेच्या नाही हं, हाताच्या. म्हणजे हात लांब केला की मूल पकडता आलं पाहिजे. चटईवर बसून लक्ष ठेवणं हे लक्ष ठेवणं नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून गेले आणि त्या सगळ्यांतली जवळपास पाव ५ वर्षांच्या आतली मुलं होती. आणि बुडणारं मूल ओरडत नाही, हातवारे करत नाही. त्याचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं, पुढे झुकलं की तोंड पाण्यात जातं आणि पाण्यात तोंड असताना हाक मारता येत नाही, इतकं साधं आहे ते. वीतभर पाणी पुरतं, मिनिटभर सुद्धा लागत नाही. स्विमिंग पूलमध्ये निदान तळ दिसतो, तलावाच्या गढूळ पाण्यात खाली गेलेलं मूल दोन फुटांवरून दिसत नाही.

गंमत म्हणजे जास्त माणसं असली की धोका वाढतो. आजी-आजोबा आहेत, मावशी आहे, काका आहेत, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय, आणि भरवशाच्या म्हशीला टोणगा. त्यामुळे ड्यूटी लावा, सरळ नाव घेऊन. "आता पंधरा मिनिटं तू" असं म्हणायचं आणि समोरच्यानं "हो, माझ्याकडे आहे" असं तोंडानं म्हणायचं, मान हलवून नाही चालणार. आमच्याकडे एक भडक रंगाची टोपी असते, ज्याच्या डोक्यावर टोपी त्याची ड्यूटी, तो फोन उचलत नाही, फोटो काढत नाही, बसून गप्पा मारत नाही, बाथरूमला जायचं असेल तर टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवूनच जायचं. सुरवातीला सगळे हसतात, अर्ध्या तासात सवय होते. पंधरा-वीस मिनिटांच्या वर एकाला ठेवू नका, लक्ष उडतंच. आणि ताई-दादाला ही ड्यूटी द्यायची नाही, आठ-दहा वर्षांचं मूल कितीही समजूतदार असलं तरी ते मूल आहे.

सगळ्यात नाजूक वेळ पाण्यात असतानाची नाही बरं का, पाण्यातून बाहेर आल्यावरची. कपडे बदलले, खाणं काढलं, सगळे पिशव्यांत डोकी घालून बसलेत आणि पिल्लू गुपचूप परत काठाकडे निघालंय. चटई पाण्यापासून चांगली लांब टाका, शक्यतो मधे काहीतरी चढ किंवा बाक येईल अशी. आणि मूल दिसेनासं झालं तर आधी पाणी बघायचं, मग झाडामागे, गाडीत वगैरे.

लाइफ जॅकेट घ्या, पण नीट बघून. मुलाच्या वजनाचं पाहिजे, "पुढच्या वर्षी पण होईल" म्हणून एक साइज मोठं नको. या वयाला दोन पायांमधून जाणारा पट्टा, मानेमागे डोकं वर धरणारी कॉलर आणि पाठीवर पकडायला हँडल, हे तिन्ही असलं पाहिजे. घातल्यावर खांद्याशी धरून वर उचलून बघा, हनुवटी आणि कान जॅकेटात गेले तर ते सैल आहे. दंडाला लावायचे हवेचे फुगे आणि रबरी रिंगा ही खेळणी आहेत, जीव वाचवायची साधनं नाहीत, आणि ते हवा भरलेले मोठे प्राणी तर तलावावर नेऊच नका, वाऱ्याची एक झुळूक आली की मूल बसलेलं असताना आत सरकत जातात. बोटीत बसणार असाल तर जॅकेट काठावरच घालायचं, बोटीत चढल्यावर नाही, आणि मोठ्यांनीही घालायचं. जॅकेट घातलं म्हणून हाताचं अंतर सुटत नाही हे वेगळं सांगायला नको. शक्य असेल तर घरातल्या एकानं तरी सीपीआर (श्वास, हृदय बंद पडलं तर करायचा प्रथमोपचार) शिकून घ्या, बुडालेल्या मुलाला छाती दाबण्याबरोबर तोंडानं श्वास देणंही लागतं आणि ते वाचून नाही जमत, करून बघावं लागतं.

स्विमसूटचा रंग हा बऱ्याच लोकांच्या डोक्यातच येत नाही. निळा, हिरवा, राखाडी रंग तलावाच्या पाण्यात गायब होतो. भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी घ्या, दिसायला कसाही दिसो.

पाणी कसं आहे ते उतरायच्या आधी बघा. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर असेल, किंवा निळसर हिरवा फेस काठाला साचला असेल तर ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं, त्यातल्या काही जाती विष तयार करतात, आणि नुसतं बघून विषारी कुठलं आणि साधं कुठलं ते कळत नाही. अशा वेळी पाय पण बुडवू नका, बरोबर कुत्रं असेल तर त्यालाही पाणी पिऊ देऊ नका. जोराचा पाऊस होऊन गेला असेल तर एक-दोन दिवस थांबा, आजूबाजूची सगळी घाण वाहून तलावातच येते. लहान मुलं पाणी गिळतात, ते तुम्ही थांबवू शकत नाही, म्हणून स्वच्छ पाणी हाच काय तो उपाय. मुलाचं पोट बिघडलेलं असेल तर त्या दिवशी पाणी बंद, स्वतःसाठी पण आणि दुसऱ्यांसाठी पण.

आणि ते अंगाला खाज सुटणं, गोगलगायी आणि बदकं असलेल्या तलावात हे होतं. बारीक परजीवी असतात, ते कातडीत शिरायला बघतात आणि तिथेच मरतात पण लाल पुरळ ठेवून जातात. धोकादायक नाही पण त्रास होतो. ते काठाच्या उथळ कोमट पाण्यात जास्त असतात, म्हणजे नेमकं पिल्लू जिथे बसतं तिथेच. बाहेर आल्या आल्या टॉवेलनं खसाखसा पुसा, उन्हात आपोआप वाळू देऊ नका, जमलं तर साध्या पाण्यानं धुवा. आणि बदकांना खायला घालू नका, ती मग त्याच काठाला राहतात.

साधा डायपर पाण्यात नेला तर तो पाणी पिऊन एवढा फुगतो की मुलाला चालता येत नाही, म्हणून स्विम डायपर. पण तो शू अडवत नाही आणि जंतूही अडवत नाही, फक्त शी जरा वेळ धरून ठेवतो. तासाभरानं तपासायचा आणि बदलायचा पाण्यापासून लांब. येता-जाता मात्र साधाच घाला, नाहीतर कार सीट ओली.

गारठ्याचं लक्षात ठेवा, पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा साधारण २५ पट भराभर ओढून घेतं आणि एवढ्याशा शरीरात ऊब असते किती. दहा-पंधरा मिनिटं पाण्यात, मग बाहेर, कोरडं करून जरा उबेत, मग परत. ओठ निळसर झाले किंवा मूल कुडकुडायला लागलं तर "अजून थोडं" ऐकायचं नाही.

ऊन: लांब बाह्यांचा शर्ट आणि मान झाकणारी टोपी हे आधी, क्रीम नंतर. एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन घरूनच लावून निघा, मग दर दोन तासांनी आणि प्रत्येक वेळी टॉवेलनं पुसल्यावर परत. कान, मानेची मागची बाजू आणि पावलांची वरची बाजू हमखास राहते. झोपलेल्या मुलाच्या बाबागाडीवर कापड टाकू नका, आत हवा कोंडून भट्टी होते, गाडी सावलीत सरकवा. बंद कारमध्ये तर एक मिनिट पण एकटं ठेवायचं नाही.

खेळणी भरभरून नेतात लोक, गरज नसते. दोन मग, एक चाळणी, एक बादली बस. या मगातलं पाणी त्या मगात, सांडलं की परत काठावर उकिडवं बसून भरायचं, तोंडातून जीभ अर्धी बाहेर, पाऊण तास सहज निघतो. फक्त मुठीतला ओला चिखल तोंडाकडे निघाला की पकडा. खाणं साधं, हातात धरता येणारं, बसवूनच द्यायचं. द्राक्षं अख्खी देऊ नका, लांबीत चिरून द्या, अख्खे दाणे-सुकामेवा नकोच. डब्यातलं नाशवंत काही असेल तर दोन तासांत संपवा, हवा ३२ डिग्रीच्या वर असेल तर तासाभरात. प्यायचं पाणी तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट न्या, पाय धुवायला पण लागतंच.

निघायचं असेल तेव्हा एकदम उचलू नका, भोकाड पसरेल आणि परतीचा रस्ता रडण्यात जाईल. शेवटचं एक काम द्या, पाच दगड पाण्यात टाकायचे, मोजत, पाचवा पडला की बाय-बाय. मूल अजून मजेत असतानाच हे करा. मग कोरडे कपडे, साधा डायपर, सीटचा पट्टा.

घरी आल्यावर आंघोळ, कानामागे आणि बोटांच्या मधे बघून घ्या. पाण्यात जास्त गटांगळी खाल्ली असेल आणि नंतर खोकला थांबत नसेल, श्वास भराभर चालला असेल, उलट्या होत असतील किंवा मूल नेहमीपेक्षा मलूल वाटत असेल तर सकाळची वाट न बघता डॉक्टरकडे जा. आणि ओल्या कपड्यांची पिशवी त्याच रात्री रिकामी करा, त्यात तळाला एक स्विम डायपर असतोच.