कंटेनर पोचला म्हणजे प्लॅन बरोबर होता असं नाही

वाशीच्या एका फॉरवर्डिंग ऑफिसात, म्हणजे पार्ट्यांचा माल जहाजाने परदेशी पाठवून देणाऱ्या, एक्स्पोर्ट डेस्कला लागलो तेव्हा वाटायचं, या कामात हुशार तोच ज्याचा कंटेनर कटऑफच्या, म्हणजे त्या जहाजासाठी माल आत घ्यायच्या शेवटच्या वेळेच्या, आधी न्हावा शेवा बंदराच्या गेटातून आत जातो. बास. मग पहिल्याच वर्षी दोन कंटेनरनी डोकं ठिकाणावर आणलं. ते सांगतो, या लाइनीत नवीन येणाऱ्यांना उपयोगी पडेल.

पहिला फेब्रुवारीतला. पिंपळगावची द्राक्षं, रीफर म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर. पॅकहाउसवाला म्हणाला माल जरा उशिरा देतो, मी हो म्हणून टाकलं, का तर काही नाही, पार्टी जुनी, नाही म्हणायला जीभ रेटली नाही. ट्रेलर निघाला तेव्हा कटऑफला सात-आठ तास, म्हणजे कसारा घाट, भिवंडी, मुंब्रा बायपास, शिळफाटा, कळंबोली, यात कुठेही तासभर अडकला की खेळ खलास. नाही अडकला. गेट-इन झालं तेव्हा पंचवीस मिनिटं शिल्लक होती, बायपास त्या दिवशी कधी नव्हे तो मोकळा, यात माझं कर्तृत्व शून्य. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, पोरगं प्रेशरमध्ये डोकं शांत ठेवतं म्हणाले. मला पण ते खरं वाटायला लागलं, हे जास्त वाईट.

दुसरा जुलैतला, सिन्नरहून मशिनरी. पाऊस बघून मी ट्रेलर एक रात्र आधीच काढायला लावला, फॉर्म 13 (बंदराच्या गेटातून आत जायचा कागद), व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरच्या वजनाचा दाखला) सगळं आदल्या दिवशी रेडी, ड्रायव्हर त्या रस्त्याचा जुना, जादा भाड्याचं अप्रूव्हल मेलवर. आणि घाटात पुढे गाडी उलटली, रस्ता बंद, सुटल्यावर खाली पाणी तुंबलेलं, कटऑफ हुकला आणि कंटेनर रोल झाला, म्हणजे पुढच्या जहाजावर ढकलला गेला. मीटिंगमध्ये तेच साहेब, तोच मी, "साधं प्लॅनिंग जमत नाही का रे?"

त्या संध्याकाळी आमच्या सिनियर मॅडम खाली टपरीवर घेऊन गेल्या. बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन्ही केसेस लिहायला लावल्या, पण शेवट लिहायचा नाही, निर्णय घेताना मला काय काय माहीत होतं तेवढंच. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "आता हे त्या नवीन मुलीला दाखव आणि विचार, यातल्या कुणाच्या हाती माल देशील?" विचारायची गरजच पडली नाही. द्राक्षाच्या केसखाली माझ्याकडे लिहायला दीड ओळ होती.

ही सवय सगळ्यांनाच असते. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या दोघांनी 1988 मध्ये प्रयोग छापलेत, लोकांना डॉक्टरांचे निर्णय वाचायला दिले, माहिती तीच, ऑपरेशनचा धोका तोच, फक्त एकीकडे पेशंट वाचला आणि दुसरीकडे दगावला. वाचला तिथे त्याच निर्णयाला जास्त मार्क. आणि आपलं क्रिकेट घ्या ना. 24 सप्टेंबर 2007, टी-20 वर्ल्ड कपची फायनल, शेवटच्या ओव्हरला पाकिस्तानला 13 हव्या, धोनीने बॉल जोगिंदर शर्माला दिला. हरभजनची ओव्हर बाकी होती, पण त्याला मिसबाहने एकाच ओव्हरमध्ये तीन सिक्स मारलेले, म्हणजे निर्णयाला कारण होतं. पुढे एक वाइड, एक सिक्स गेला, 4 बॉलमध्ये 6 उरले, मग तो स्कूप आणि श्रीशांतचा कॅच. कॅच सुटला असता तर कारण तेच राहिलं असतं, पण चहाच्या टपरीवर तेव्हा ते कुणी ऐकून घेतलं असतं?

तर करायचं काय. एक साधी वही ठेवा, आणि रिझल्ट यायच्या आधी लिहा, नंतर लिहिलं तर आपणच स्वतःला फसवतो, "मला वाटतच होतं" हे वाक्य आपोआप घुसतं. काय माहीत आहे, काय माहीत नाही, दुसरा पर्याय कुठला होता, आणि जमायचा चान्स किती टक्के. "बहुतेक पोचेल" असं लिहू नका, आकडा टाका. माझी वही सहा महिन्यांनी बघितली तर जिथे जिथे मी 90 टाकले होते तिथे वीसातले सहा हुकलेले! म्हणजे घाटाचा पाऊस मी धरतच नव्हतो. एका कंटेनरवरून हे कधीच कळलं नसतं, वीसावरून कळलं.

हे पण सांगतो, रिझल्ट बघायचाच नाही असं नाही हां. प्रोसेस बरोबर होती प्रोसेस बरोबर होती म्हणत दर महिन्याला रोलओव्हर करणारा एक कलीग आमच्याकडे होता, एवढं नशीब कुणाचंच सलग खराब नसतं.

वही तपासताना आधी जिंकलेल्या नोंदी काढा. हुकलेल्या तपासायला साहेब आहेतच, पोचलेल्या कंटेनरला कुणी काही विचारत नाही आणि माझ्या सगळ्यात घाणेरड्या सवयी तिथेच लपलेल्या सापडल्या.

साहेब अजूनही फोनवर एवढंच विचारतात, "पोचला का?" त्यामुळे मोठा निर्णय असला की मी ट्रेलर सुटायच्या आधी त्यांना चार ओळींचा मेल टाकतो, किती वेळ हातात, धोका कुठे, जादा खर्च किती. परवाच्या मेलमध्ये 80 टक्के लिहिलं होतं. त्यांचा रिप्लाय आला, "80 का? 100 कर."