ग्रंथालयाच्या प्रशिक्षणाला येताना: पीएचडी करणाऱ्यांसाठी तयारीची यादी

मी पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. दर सत्रात पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी आमचं प्रशिक्षण असतं: डेटाबेसमध्ये शोध कसा घ्यायचा, संदर्भ कसे सांभाळायचे, साम्य अहवाल (आपला मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो ते सांगणारा) कसा वाचायचा, लेख कुठे पाठवायचा. बरेच जण हात हलवत येतात, पडद्याकडे बघत टिपणं काढतात, हजेरीची सही करतात आणि आठवड्याभराने तोच प्रश्न घेऊन काउंटरवर येतात. चूक आमचीही आहे. फलकावर आम्ही तारीख, वेळ आणि खोली एवढंच लिहितो, येताना काय आणायचं ते लिहीत नाही. म्हणून ही यादी. जमल्यास आठवडाभर आधी हातात घ्या.

सगळ्यात आधी आपला विषय. वर्गात आम्हाला सगळ्यांना चालेल असं उदाहरण घ्यावं लागतं, ‘शाश्वत विकास’ किंवा ‘महिला सक्षमीकरण’. त्यावर हजारो लेख निघतात आणि कुणाच्याच कामाचे नसतात. तुमच्या विषयावर जेव्हा फक्त सातच लेख निघतात, तेव्हा खरं शिकणं सुरू होतं. म्हणून नोंदणीच्या अर्जावरचं लांबलचक शीर्षक बाजूला ठेवून आपला प्रश्न एका वाक्यात, साध्या भाषेत लिहून आणा. समजा विषय आहे पुण्यातल्या कचरावेचक महिला. हा झाला विषय. ‘संघटनेत आल्यावर या बायकांच्या मुलींच्या शिक्षणात काय फरक पडला?’ हा झाला प्रश्न. त्याचे आपोआप तीन तुकडे पडतात: कचरावेचक महिला, संघटना, मुलींचं शिक्षण. प्रत्येक तुकड्याखाली त्याच अर्थाचे जितके शब्द आठवतील तितके लिहा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही.

इथे थोडा जास्त वेळ द्या, कारण अर्ध्याहून जास्त शोध इथेच फसतात. जुन्या इंग्रजी लेखांत ‘रॅग पिकर’ सापडेल, नंतरच्या लेखांत ‘वेस्ट पिकर’, कुठे ‘इन्फॉर्मल रिसायकलर’. पुण्यात १९९३ साली या कष्टकऱ्यांची संघटना उभी राहिली तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. ते नाव इंग्रजी लेखांत कधी पूर्ण येतं, कधी नुसत्या आद्याक्षरांनी. एकच शब्द टाकून ‘माझ्या विषयावर काहीच काम झालेलं नाही’ असं म्हणणारे विद्यार्थी मी दर सत्रात पाहते. काम झालेलं असतं, ते दुसऱ्या शब्दाखाली बसलेलं असतं.

माणसांच्या नावांचंही तसंच. इतिहासाचार्य राजवाडे कुठे ‘वि. का.’ म्हणून नोंदलेले असतात, कुठे ‘विश्वनाथ काशिनाथ’ म्हणून. रोमन लिपीत तर कुणी ‘डब्ल्यू’ने लिहितं, कुणी ‘व्ही’ने, आणि मध्ये एक ‘ए’ असतो किंवा नसतो. बऱ्याच ग्रंथालयांच्या सूचीत मराठी पुस्तकं रोमन लिपीत चढवलेली आहेत. शोधगंगा या भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यातही मराठीत लिहिलेल्या प्रबंधाचं शीर्षक कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये सापडतं. तुमच्या विषयातल्या चार-पाच महत्त्वाच्या लेखकांच्या नावांची सगळी रूपं एका कागदावर लिहून आणा.

देवनागरीत टाइप करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दातला ‘ऱ्य’ कीबोर्डवरून दोन तऱ्हांनी उमटतो. डोळ्यांना अक्षर एकच दिसतं, पण आत साठवलेले संकेत वेगळे असतात, आणि काही सूचींच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द ठरतात. ‘ॲ’चं तेच: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. ‘शेतकऱ्यांच्या आत्महत्या’ टाकून शून्य उत्तरं आली तर नुसतं ‘शेतकरी’ टाकून बघा, किंवा सापडलेल्या एखाद्या नोंदीतून तो शब्दच उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवा. घरी एकदा करून बघा आणि काय झालं ते सत्रात सांगा.

येण्याआधी शोधगंगेवरून आपल्या विषयाच्या जवळचा एक प्रबंध उतरवून घ्या. पूर्ण वाचायची गरज नाही. त्याची संदर्भसूची वाचा आणि ज्या तीन नोंदी तुम्हाला कुठेच मिळाल्या नाहीत, त्यांवर खूण करून आणा. त्या कशा मिळवायच्या, हे आपण तिथे बसून बघू.

आता खाती. ग्रंथालयाचं लॉगिन, संस्थेचा ईमेल आणि घरून डेटाबेस बघायची सोय असेल तर त्याचं खातं, ही तिन्ही निदान चार दिवस आधी उघडून बघा. पासवर्ड बदलायला ओटीपी लागतो आणि तो प्रवेशाच्या वेळी दिलेल्या, आता बंद पडलेल्या नंबरवर जातो. असे दोघे-तिघे दर वेळी असतात आणि त्यांचं सत्र त्यातच संपतं. आपल्या संस्थेला काय काय खुलं आहे तेही विचारून घ्या. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या, संस्थांना नियतकालिकं खुली करून देणाऱ्या सरकारी योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं असा तिचा पसारा आहे आणि गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे केंद्र तिचं काम बघतं. पण ही योजना केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. तुमचं संशोधन केंद्र खासगी महाविद्यालयात असेल, तर मैत्रिणीला दिसणारा लेख तुम्हाला दिसेलच असं नाही. तसं असेल तर आधी कळवा, दुसरी वाट शोधून ठेवता येते.

संदर्भ सांभाळण्याच्या सत्राला येताना झोटेरो हे संदर्भ साठवायचं फुकट सॉफ्टवेअर घरीच बसवून या, ब्राउझरच्या जोडणीसकट. वीस जण एकाच वेळी एकाच वायफायवर ते उतरवायला लागले की अर्धा तास गेलाच. सोबत दहा संदर्भ आणा, पण सगळे इंग्रजी लेख नकोत. एक मराठी पुस्तक, एक संपादित ग्रंथातलं प्रकरण, एक सरकारी अहवाल, एक वर्तमानपत्रातली बातमी, एक प्रबंध, जमलं तर एक मुलाखत. सरळ लेख यंत्र स्वतःच भरतं. अडतं ते इथे. तुकारामांचं आडनाव काय लिहायचं? आडनाव आणि नाव अशा दोन चौकटी समोर असतात, म्हणून विद्यार्थी ‘तुकाराम, संत’ असं करून ठेवतात आणि सूचीत ते तसंच छापून येतं. अशा नावासाठी दोन चौकटींची एक करता येते, ते बटण आम्ही दाखवतो. मराठी आणि इंग्रजी संदर्भ एकाच सूचीत द्यायचे की वेगळे, हे मात्र तुमच्या विभागाच्या रीतीवर आहे. गाईडना विचारूनच या. झोटेरोवर फुकट मिळणारी जागा ३०० एमबी आहे, स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांनी ती बघता बघता भरते. म्हणून पीडीएफचा मूळ साठा आपल्याकडे वेगळा ठेवा.

साम्य अहवालाच्या सत्राला एक पूर्ण प्रकरण आणा, आणि ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला वाचता येईल अशा देवनागरीत, असू द्या. माझ्यासमोर घडलेली गोष्ट सांगते. एका विद्यार्थिनीचं मराठीतलं प्रकरण तपासलं, साम्य शून्य टक्के. ती खूश होती. मला ते पटेना, कारण प्रकरणात पानपानभर उतारे होते. मी पीडीएफमधली एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये चिकटवली, तर समोर रोमन अक्षरं आणि चिन्हांची रांग आली. टंकलेखकाने जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये काम केलं होतं. यंत्राने मराठी वाचलंच नव्हतं. प्रकरण युनिकोडमध्ये आणल्यावर खरा आकडा समोर आला, आणि मग दोन आठवडे बसून तिने उताऱ्यांना अवतरणचिन्हं आणि तळटीपा दिल्या. प्रबंध देण्याच्या आदल्या दिवशी हे कळलं असतं तर काय झालं असतं, हा विचार आजही मनात येतो. ही नोटपॅडची चाचणी एका मिनिटाची आहे, घरीच करा. रूपांतर केलंत तर ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, तिथे हमखास मोडतोड होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८ चे नियमही एकदा वाचून या. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं यांतून वगळायची असतात. म्हणून नुसता आकडा बघून घाबरू नका आणि नुसता आकडा बघून निर्धास्तही होऊ नका. अहवालातली प्रत्येक रंगीत ओळ उघडून बघायला आपण बसणार आहोत. एक विनंती मनापासून: सत्राच्या आधी हौसेने कुठल्याही फुकट संकेतस्थळावर प्रकरण चढवू नका. तुमचा मजकूर तिथे साठून राहिला तर उद्या तुमचाच प्रबंध तुमच्याच प्रबंधाशी जुळलेला दिसेल.

लेख कुठे पाठवायचा, या सत्रासाठी तुम्हाला आलेला एखादा ‘तीन दिवसांत स्वीकृती’वाला ईमेल छापून आणा. तो शब्दशः कसा वाचायचा ते मी दाखवते. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा ‘यादीत आहे ना’ एवढं विचारून भागण्याचे दिवस गेले. संपादक मंडळातल्या दोन जणांच्या विद्यापीठाच्या पानावर त्या ईमेलमधल्या नियतकालिकाचा उल्लेख आहे का, आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) दुसऱ्याच कुणाचा तर नाही ना, हे बघून या. प्रबंधाआधी लेख छापून येण्याची सक्ती यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत नाही, पण तुमच्या विद्यापीठाचं म्हणणं काय, ते पीएचडी विभागाकडूनच लेखी घ्या.

जुन्या कागदांवर काम करणाऱ्यांसाठी पुणं म्हणजे घरचं कोठार आहे: १९१० चं भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१७ ची भांडारकर संस्था, १९३० ची गोखले अर्थशास्त्र संस्था, पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर. यांपैकी कुठे जायचं आहे ते आधी कळवा आणि गाईडचं पत्र सोबत ठेवा. ग्रंथालयाचं पत्र लागलं तर ते त्याच दिवशी तयार करून देता येतं.

बाकी किरकोळ. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून आणा, खोलीत प्लग पॉइंट सहाच आहेत. पावसाळ्यात कागद प्लास्टिकच्या पिशवीत घाला. विद्यापीठ चौकातून येणार असाल तर अर्धा तास आधी निघा, कारण पहिल्या दहा मिनिटांतच सगळ्यांचे प्रश्न फळ्यावर लिहून घेते आणि पुढचं सत्र त्यांवरच चालतं.

हजेरीच्या वहीशेजारी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवलेला असतो. चारचौघांत विचारायला संकोच वाटेल असा प्रश्न चिठ्ठीवर लिहा, खाली फोन नंबर टाका आणि जाताना माझ्या टेबलावर ठेवा. मी संध्याकाळी पाच ते सहा त्याच टेबलाशी असते.