बाहेरच्या कामासाठी एक्स्टेन्शन बोर्ड निवडताना या चुका टाळा

सोलापूरच्या आसपासच्या गावांतून कडबाकुट्टीची जळालेली मोटर माझ्याकडे रिवाइंडिंगसाठी आली, की ती ज्या वायरवर चालत होती ती वायरही घेऊन या, असे मी आवर्जून सांगतो. गेल्या पावसाळ्यात दक्षिण सोलापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याने २ अश्वशक्तीची मोटर आणि तिच्याबरोबर ३० मीटर वायरची गुंडाळी आणून माझ्या टेबलावर ठेवली. थ्री-पिन टॉप उघडला तेव्हा न्यूट्रलच्या पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडून फुगले होते आणि अर्थच्या मोठ्या पिनेचा स्क्रू रिकामाच होता. अर्थची हिरवी तार, म्हणजे यंत्राच्या पत्र्यावर आलेली गळतीची वीज जमिनीत नेणारी तार, आवरणाच्या कडेपासून सपाट कापून टाकलेली होती. दुसऱ्या टोकाच्या सॉकेटमध्ये मात्र तीच हिरवी तार व्यवस्थित कसलेली होती, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला ही वायर तीन तारांची, म्हणजे सुरक्षितच वाटावी. यंत्राला हात लावला की मुंग्या येतात म्हणून आम्ही फळीवर उभे राहून कुट्टी करतो, असे त्यांनी सहज सांगितले, आणि ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

बाहेर वापरायचा बोर्ड ही किरकोळ वस्तू आहे, हा समज या सगळ्याच्या मुळाशी असतो. वास्तविक तो आपल्या घराच्या वायरिंगचाच उंबऱ्याबाहेर नेलेला भाग आहे, आणि भिंतीतल्या वायरला जे ऊन, पाणी, ओढाताण आणि पायांखाली तुडवले जाणे कधी सोसावे लागत नाही, ते सारे त्याच्या वाट्याला येते. म्हणून भिंतीत जी वायर आपण घालणार नाही, ती अंगणात पसरता कामा नये.

वायर लांबीने मोजणे, जाडीने नाही

दुकानात बहुतेक जण फक्त किती मीटर हवी तेवढे सांगतात. जुने दुकानदार अजूनही ‘तेवीस-शहात्तर’, ‘चाळीस-शहात्तर’ या नावांनी वायर देतात; त्यातला पहिला आकडा बारीक तारांची संख्या आणि दुसरा एका तारेची जाडी, म्हणजे ०.००७६ इंच, दर्शवतो. या हिशेबाने तेवीस-शहात्तर वायरचे तांबे साधारण ०.७ चौरस मिलिमीटर भरते आणि चाळीस-शहात्तरचे १.२ च्या आसपास. टेबलफॅन किंवा दिव्याला पहिली पुरते. कडबाकुट्टी, मार्बल कटर किंवा हौदातले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारी मोठी मोटर या दोन्ही वायरींवर टाकू नये.

याचे कारण आकड्यांत पाहिले की पटते. ०.७५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे २६ ओहम असतो. वायर ३० मीटर असली तरी वीज फेजमधून जाते आणि न्यूट्रलमधून परत येते, म्हणून हिशेब ६० मीटरचा धरावा लागतो, आणि तो दीड ओहमपेक्षा थोडा जास्त येतो. २ अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर चालताना १० अँपिअरच्या आसपास वीज घेत असेल, तर त्या वायरमध्येच १५ व्होल्ट खर्ची पडतात. मोटर सुरू होतानाची अवस्था याहून वाईट असते, कारण त्या क्षणी ती चालतानाच्या चार-पाच पट प्रवाह ओढते. तेव्हा २३० पैकी जेमतेम १७० व्होल्ट तिच्यापर्यंत पोहोचतात. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने तो निम्म्याच्या आसपास येतो, मोटर नुसती घुमते, फिरत नाही, आणि तेवढ्या वेळात वाइंडिंग तापून वार्निशचा वास सुटतो. हीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची असती, तर चालताना ५ व्होल्टही कमी झाले नसते.

माझा सल्ला असा, की १६ अँपिअरच्या टॉपवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्रासाठी अंगणापुरत्या लांबीलाही दीड चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक वायर घेऊ नये, आणि २०-२५ मीटरच्या पुढे अडीचच घ्यावी. केबलवर छापलेली जाडी, व्होल्टेज आणि आयएस (भारतीय मानक) क्रमांक वाचावा. पीव्हीसी वायरसाठी तो आयएस ६९४ असतो आणि प्लग-सॉकेटसाठी आयएस १२९३. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही मिळते, आणि ॲल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच असते. एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. वर तांबडी आणि आत पांढरी निघाली, तर ती वायर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

तिसरी तार तोडणे

थ्री-पिन टॉपची अर्थची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब असते, ती यासाठी की टॉप घालताना अर्थ सर्वांत आधी जोडला जावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा. सॉकेटमध्ये टॉप बसत नाही म्हणून ही पिन काढून टाकणे, दोन तारांची वायर वापरणे किंवा टॉपच न लावता उघड्या तारा काडीने सॉकेटच्या भोकांत खोचणे, हे प्रकार मी मंडपांत आणि बांधकामांवर वारंवार पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी थांबून बोललो आहे.

एमसीबी आहे म्हणजे माणूस सुरक्षित आहे, ही समजूत मला सर्वांत धोकादायक वाटते. १६ अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त प्रवाह गेल्यावर वायर वाचवण्यासाठी पडतो. माणसाचा जीव जाण्यास मात्र काही दशांश अँपिअरही लागत नाहीत. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. तो गेलेल्या आणि परत आलेल्या प्रवाहाची तुलना करतो आणि फरक पडताच क्षणार्धात वीज तोडतो. घराच्या मुख्य बोर्डात तो नसेल, तर निदान ज्या सॉकेटवरून बाहेर वायर काढतो तेथे वायरमनकडून बसवून घ्यावा आणि त्याचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. तो असला तरी अर्थची तार लागतेच.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीच्या वर असताना, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि वायर निर्दोष असूनही अर्थ नीट मिळत नाही. नेमक्या याच दिवसांत पत्र्याचे कूलर खिडकीबाहेर बोर्डवर चालवले जातात आणि त्यांत बादलीने पाणी ओतले जाते. त्या काळात खड्ड्यात नियमित पाणी घालावे, आणि कूलर भरण्यापूर्वी टॉप काढून ठेवावा.

ऊन, पाणी आणि गुंडाळी

घरातली पांढरी पीव्हीसी वायर आपल्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होते आणि वाकवली की तडकते. बाहेरच्यासाठी रबरी आवरणाची तीन कोअर केबल घ्यावी. सॉकेट झाकणाचे आणि किमान आयपी ४४ दर्जाचे असावे, म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेल्या पाण्यापासून ते सुरक्षित राहते. पण ते साचलेल्या पाण्यात ठेवण्यासाठी नसते, म्हणून विटेवर किंवा स्टुलावर ठेवावे. चिकटपट्टीचा जोड ओल्या जमिनीवर कधीही नको. रिळावरची वायर पूर्ण उलगडूनच वापरावी, कारण गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही. चांगल्या रिळावर गुंडाळलेल्या आणि उलगडलेल्या स्थितीसाठी भाराचे दोन वेगळे आकडे छापलेले असतात.

बिघाड कोठे आहे, हे कसे ओळखावे

वायर सर्व लांबीभर कोमट लागत असेल, तर ती भाराच्या मानाने बारीक आहे. एकाच ठिकाणी, विशेषतः टॉपपाशी, तापत असेल, तर तेथला स्क्रू ढिला आहे किंवा सॉकेटची पकड गेली आहे. टॉप बदलून सॉकेट तसेच ठेवले, तर नवा टॉपही जळतो. यंत्र न जोडता नुसता बोर्ड लावताच आरसीसीबी पडत असेल, तर बोर्डात ओल शिरली आहे किंवा आत न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लागले आहेत. अशा वेळी आरसीसीबी काढून थेट जोडणी करणारे लोक मला भेटले आहेत. कृपा करून तसे करू नका, तो आपले काम चोख करत असतो. यंत्राला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर तेवढ्यावरच काम थांबवून मुख्य स्विच बंद करावा. नंतर वायर दोन्ही टोकांनी मोकळी करून मल्टिमीटरने टॉपच्या मोठ्या पिनेपासून सॉकेटच्या मोठ्या भोकापर्यंत सलगता तपासावी, आणि तपासताना वायर जागोजागी वाकवून पाहावी, कारण आत तुटलेली तार सरळ ठेवली की कधी कधी जुळलेली दिसते.

त्या शेतकऱ्यांना मी अडीच चौरस मिलिमीटरची रबरी केबल, १६ अँपिअरचे इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट आणि आरसीसीबी लिहून दिला. यंत्राच्या आतली गळतीही निघाली, मोटरीच्या टर्मिनल बॉक्समध्ये कडब्याचा भुसा ओला होऊन दडपून बसला होता. जुनी गुंडाळी परत देण्यापूर्वी मी तिची दोन्ही टोके कापून टॉप आणि सॉकेट माझ्याकडे ठेवून घेतले, कारण टोके शाबूत असलेली वायर गोठ्यात पडून राहते आणि पुढच्या घाईच्या दिवशी कोणीतरी ती पुन्हा जोडते.